हॉटेलातला मालिशवाला आणि मी

सांगलीच्या तालमीत माझा गुडघा निकामी झाला आणि कुस्ती सुटली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. घरी ऊस होता, पण तीन भाऊ तो बघायला पुरेसे होते. पलटणीतून निवृत्त झालेल्या एका मामांनी ओळख काढली आणि मला मुंबईत समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात चिकटवलं. काम मालिशवाल्याचं. पहिलवानाला मालिश येतेच, असा साहेबाचा समज होता.

हॉटेलाच्या तळघरात वाफेची खोली होती, गरम आणि गार पाण्याचे हौद होते आणि चार संगमरवरी ओटे. ओट्यावर पांढरी चादर, वर उघडा माणूस. कापसाचे दलाल, परदेशी पाहुणे, कुठले कुठले संस्थानिक. आम्हाला पांढरा सदरा, पांढरी विजार आणि कान झाकणारी टोपी. पाहुण्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा पहिला नियम.

माझ्या शेजारच्या ओट्यावर काम करणारा मालिशवाला पाटणकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पलटणीच्या इस्पितळात राहून तो मोडलेली, आखडलेली अंगं चोळायला शिकला होता. आम्ही नोकरांच्या चाळीत एकाच खोलीत राहायचो. भाकरी मी थापायचो, कालवण तो करायचा, आणि एका ताटात जेवायचो. त्याच्या ट्रंकेत झाकणाच्या आतल्या बाजूला बुद्धाचं चित्र चिकटवलेलं होतं. ते मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. मी काही बोललो नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. त्या वेळी मला माझ्याच मोठेपणाचं कौतुक वाटलं होतं.

पण त्याचे हात वेगळे होते. माणसाच्या पाठीवर तो दोन्ही तळवे नुसते ठेवायचा, थोडा थांबायचा, आणि दुखतंय ते ठिकाण त्याला सापडायचं. मी नुसता जोर लावायचो. सहा महिन्यांत पाहुणे त्याचं नाव घेऊन मागायला लागले. साहेबाने मला ओट्यावरून काढून टॉवेल गरम करायला बसवलं. तालमीत शेकड्याने जोर मारलेला मी, घड्या घालत होतो. तो खोलीवर आल्यावर म्हणायचा, "गड्या, शिकवतो तुला. हात हलका ठिव." मला ते शिकवणं झोंबायचं.

मग एके दिवशी एक बागायतदार आले. वय पन्नाशीचं, कंबर धरलेली, दोन माणसांच्या आधाराने उतरले. मी त्यांना ओळखलं. माझी मावशी दिलेली त्याच गावात, त्यांच्याच भावकीत. मालिशवाल्यानेही ओळखलं. तो त्याच गावचा होता. त्याचा बाप त्यांच्याच मळ्यात पाणी पाजायला होता. त्यांनी मात्र त्याला ओळखलं नाही. गावात असताना त्याचं तोंड त्यांनी कधी नीट बघितलंच नसावं.

तीन दिवस त्याने त्यांची कंबर चोळली. चौथ्या दिवशी ते कुणाचा हात न धरता जिना उतरून आले. ओट्यावर पालथे पडून म्हणाले, "लेका, तुज्या हातात देव हाय."

मी टॉवेल घेऊन उभा होतो. माझ्या तोंडून निघालं, "आवं, तुमच्याच गावचा हाय त्यो."

त्याचे हात थांबले.

"आमच्या गावचा? कुणाचा रं?"

मी सांगितलं. बापाचं नाव, वस्ती, मळा, सगळं. कुणी मला विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

मला वाटलं, आता ते उठून बसतील, आरडाओरडा करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. डोकं उचलून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कपाळ हातांवर टेकवलं.

"थांबलास का? चालू दे."

त्याने पुढचा अर्धा तास मालिश केली. मी तिथंच उभा होतो. उठताना ते एवढंच म्हणाले, "गावाकडं ह्यातलं काय बोलायचं न्हाई. समजलं न्हवं?"

"व्हय जी," तो म्हणाला.

खोलीवर त्याने मला शिवी दिली नाही. कोपऱ्यात आपली वेगळी चूल मांडली. ट्रंकेतून स्वतःची थाळी काढली आणि भिंतीकडे तोंड करून जेवला.

पंधरा दिवसांनी त्याच्या बापाचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ते त्याने वाचून तसंच उघडं टाकलं, मी वाचावं म्हणूनच असेल. बागायतदारांनी चावडीवर सांगितलं होतं की ह्याचा पोरगा मुंबईत बायकांच्या न्हाणीघरात राबतो, उघड्या बायकांची अंगं धुतो. उद्या पोरगा खरं बोलला तरी कुणी ऐकू नये, याची सोय. त्याची मेढ्याकडे सोयरीक ठरली होती, ती मोडली. बापाला मळ्यातून काढलं होतं.

आणि महिन्याभराने बागायतदार पुन्हा आले. हाच मालिशवाला हवा म्हणाले.

तो साहेबासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यांना हात लावणार न्हाई." साहेबाने कारण विचारलं. त्याने टोपी काढून ओट्यावर ठेवली. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मला कारण माहीत होतं. मी टॉवेलांच्या घड्या सारख्या करत राहिलो. दुपारपर्यंत त्याचा हिशोब करून त्याला फाटकाबाहेर काढलं. ओटा मला मिळाला.

बागायतदार माझ्या हाताखाली पाच मिनिटं पडून राहिले आणि म्हणाले, "राहू दे. तुला न्हाई जमायचं."

पुढच्या उन्हाळ्यात रजेवर आलो तेव्हा मावशीकडे गेलो. बागायतदारांचा पुतण्या मला गाव दाखवायला बरोबर होता. ओढ्याजवळ एक म्हातारा लाकडं फोडत होता. मी मुंबईच्या हॉटेलातला, हे त्याला कुठून तरी कळलं असावं. कुऱ्हाड टाकून तो जवळ आला.

"आवं, तुमी तितंच हुता न्हवं? माजा पोरगा काय काम करायचा तितं? खरं सांगा. लय दिस झालं, त्याचं पत्र न्हाई."

पुतण्या माझ्याकडे बघत होता. म्हाताऱ्याने हात जोडले होते. एक वाक्य पुरलं असतं. तुमचा पोरगा पुरुषांच्या पाठी चोळायचा आणि ह्यांच्या काकाची कंबर त्यानेच बरी केली.

"मला न्हाई म्हाईत," मी म्हणालो. "आमची तिकडं वळख नव्हती."

म्हाताऱ्याने जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "मंजी खरंच आसंल," आणि कुऱ्हाड उचलायला वाकला.

पुतण्या वाटेत हसून म्हणाला, "बरं केलंसा." संध्याकाळी मावशीने कोंबडी केली होती. मी पोटभर जेवलो.

म्हातारा त्याच दिवाळीआधी गेला, असं मावशीकडून कळलं. पोरगा मातीला आला नाही. कळवायचं कुठे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.