गिऱ्हाईकाने मोजायचं

"साहेब कुठे आहेत?"

"कोणते साहेब?"

"कॉम्प्युटर दुरुस्त करतात ते."

"ते होय? ते तुमच्या समोरच बसलेत, स्क्रू शोधतायत. पाय जरा उचला बरं. तुमच्याच बुटाखाली असेल."

आत्याच्या दुकानात नव्या माणसाचा पहिला प्रवेश साधारण असा व्हायचा. माणूस ओशाळून पाय उचलायचा, बुटाखाली स्क्रू सापडायचाच असं नाही, पण तोवर साहेबांचा विषय संपलेला असायचा.

दुकान कसलं, जिन्याला लागून असलेली एक अरुंद खोली. एका भिंतीला उघडी कॅबिनेटं रचलेली, दुसऱ्या भिंतीला टेबल, टेबलावर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. अंड्यांच्या जागी स्क्रू, वॉशर, छोट्या बॅटऱ्या, जातवार लावलेल्या. कोपऱ्यात सायकलचा पंप. कुठलंही मशीन आलं की आधी ते बाहेरच्या गॅलरीत न्यायचं आणि पंपाने हवा मारून धूळ उडवायची. शेजारच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणारे काका बसायचे. हवेचा पहिला फुसकारा ऐकू आला की ते ओरडायचे, "बाई, माझी घड्याळं शिंकायला लागली!" आणि आत्या म्हणायची, "मग वेळ तरी बरोबर दाखवतील!"

आजूबाजूची पोरं तिला पंपवाली म्हणायची. तिला ते आवडायचं. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, मुळीच नाही.

ती मूळची एका कचेरीत टायपिस्ट. कचेरीत कॉम्प्युटरची नवी मशीनं आली तेव्हा जुनी व्हरांड्यात टाकून दिली. तिने विचारलं, एक नेऊ का? साहेब म्हणाले, दोन न्या, जागा मोकळी होईल. तिने ती घरी आणून पलंगावर उघडून ठेवली. बाबा तेव्हा कॉलेजात होते. "ताई, यातून धूर आला तर?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बरंच होईल. कुठे बिघडलंय ते तरी कळेल." दोन्हींचे सुटे भाग जुळवून तिने एक चालू केलं. कचेरी बंद पडली तेव्हा बाकीच्या बायका दुसरीकडे टायपिंगला गेल्या. हिने जिन्याजवळची खोली घेतली.

पुढे गेमचं वेड आलं. हातात मोजकेच पैसे आणि डोळ्यांत मोठी स्वप्नं घेऊन कॉलेजची मुलंमुली तिच्याकडे यायची. ती आधी विचारायची, "काय खेळायचंय?" मग, "कुठे बसून खेळायचंय? खोली तापते का?" आणि मग यादी करायची. नवं काय, जुनं काय. कॅबिनेट जुनं, मॉनिटर जुना, कीबोर्ड जुना. ग्राफिक्स कार्डसुद्धा जुनं चालेल, फक्त चिप थंड राहावी म्हणून आत लावलेलं, वाळून गेलेलं मलम खरवडून नवं लावायचं. पण पॉवर सप्लाय नवाच.

"त्यातही थोडे वाचले असते, मावशी."

"वाचव की. मग एक दिवस तो जाताना बाकीच्या सगळ्यांना बरोबर घेऊन जाईल. काही माणसं असतात तशी."

आणि तिच्या दुकानाचा एक नियम होता, जो मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिला नाही. गिऱ्हाईकाने मोजायचं. आत्या मशीन खोलायची, तुम्ही स्टुलावर बसायचं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू मोठ्याने मोजायचा. जोडताना पुन्हा मोजायचं. "किती निघाले?" "अकरा." "किती लागले?" "अकरा." मगच ती वरचं झाकण बंद करायची. वकील असो, शिक्षिका असो, पोरसवदा असो, सगळे तिथे बसून शाळेसारखे आकडे म्हणायचे. आपल्या यंत्राच्या पोटात काय आहे हे माणसाने एकदा तरी पाहावं, असं तिचं म्हणणं. घड्याळवाले काका म्हणायचे, "एवढी मोजदाद माझ्या लग्नातसुद्धा नव्हती झाली."

मग तिच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण पूर्वीसारखं नाही. बारीक गोष्टी जवळ धरल्या की एकाच्या दोन व्हायच्या. दुकान वर्षभर बंद राहिलं. घरी ती माझ्या खोलीतल्या पंख्याच्या आवाजावर टीका करत बसायची. "बेअरिंग गेलंय त्याचं. ऐक. ऐकतेस ना?" मला काहीही ऐकू यायचं नाही.

घड्याळवाले काका एकदा घरी आले. चहा झाला, हवापाणी झालं, मग म्हणाले, "बाई, खोली नुसती पडून आहे. मला मोठं दुकान करायचंय. तुम्ही सोडणार असाल तर मधली भिंत काढतो. नसाल सोडणार तर राहिलं."

"रविवारी सांगते," आत्या म्हणाली.

ते गेल्यावर तिने मला हाक मारली. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि सहा महिने बाबांच्या मागे गेमिंग कॉम्प्युटरसाठी भुणभुण लावली होती.

"तुझं मशीन शनिवारी जोडू. चालू झालं तर दुकान ठेवते. नाही झालं तर किल्ली त्यांना देते. तुझ्या बाबांना यातलं काही सांगू नकोस. उगाच समजूत घालत बसेल."

शनिवारी दुपारी आम्ही कुलूप उघडलं. वर्षाची धूळ. मी पंप मारला, तिने टेबल पुसलं. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय नवे. ग्राफिक्स कार्ड बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतलं, कॅबिनेट कुठल्याशा कचेरीतलं, जड, राखाडी, एका बाजूला पोचा आलेलं.

बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला थेट टेकवत नाहीत. मध्ये पितळेच्या बोटभरही नसलेल्या खुंट्या असतात, त्यांवर तो बसतो. आमच्या कॅबिनेटात आधीचा बोर्ड लहान होता, नवा मोठा. त्यामुळे जुन्या तीन खुंट्या चुकीच्या जागी येत होत्या; एखादी तशीच राहिली तर बोर्डाला खालून टेकून शॉर्ट होणार.

"त्या तीन काढ," आत्या म्हणाली. "नव्या जागी मी लावते." ती ट्रेमधून दुसऱ्या खुंट्या निवडत होती, बोटांनी चाचपून.

पहिली निघाली. दुसरी निघाली. तिसरी घट्ट बसलेली, पक्कड आणायला हवी होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. मैत्रिणींच्या गटात रात्री खेळायची टोळी ठरत होती. मी उत्तर लिहायला लागले.

"किती काढल्या?"

"तीन."

"तीन ना?"

"अगं हो, तीन."

तिने बोर्ड ठेवला. प्रोसेसर बसवताना भिंग एका डोळ्याला लावलं, मग वैतागून बाजूला ठेवलं. खुणेचा कोपरा नखाने शोधला आणि प्रोसेसर अलगद सोडला. रॅम, कार्ड, वायरी. मग मला म्हणाली, "दाब."

मी बटण दाबलं. पंखे थरथरले, अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा.

तिने कार्ड काढलं. तेच. रॅम काढून परत लावली. तेच. वायरी एकेक करून तपासल्या. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"प्रोसेसरची पिन वाकली असेल," ती म्हणाली. "बसवताना. मला वाटलं बरोबर बसला."

"आपण परत बघू ना."

"कशाने बघू?" हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. "जा, घड्याळवाल्यांना बोलव. रविवारपर्यंत कशाला थांबायचं."

मी निघाले. शेजारच्या दारापर्यंत सात पावलं. चौथ्या-पाचव्या पावलाला पक्कड आठवली. ती आणायचीच राहिली होती, तिसरी खुंटी आतच होती. आता मागे फिरावं, म्हणावं, आत्या, मला वाटतं एखादी खुंटी राहिली असेल, बघूया का? खोटंही नाही आणि पुरतं खरंही नाही. असं वाक्य मी मनात तयारसुद्धा केलं.

पण काका दारातच उभे होते. "काय ग? आवाज नाही आला मशीनचा. बोलावलंय का?"

"हो."

ते माझ्याबरोबर आत आले. आत्याने खिळ्यावरची किल्ली काढून हातात धरली होती.

"घड्याळवाले, हे घ्या—"

"आत्या, मी मोजल्या नव्हत्या," मी म्हणाले.

"काय?"

"खुंट्या. दोनच काढल्या. तिसरी अडकली होती. मी फोनवर होते."

आत्या किल्ली हातात तशीच धरून माझ्याकडे वळली. म्हणाली, "मग तीन का म्हणालीस?"

"तू विचारलंस म्हणून."

काकांनी हसू दाबलं. आत्या नाही हसली.

"वीस वर्षांत," ती म्हणाली, "या स्टुलावर बसून कुणी खोटा आकडा सांगितला नाही. ते डोळ्यात तेल घालून मोजायचे. आणि आमच्या घरचं माणूस! मी इथे स्वतःला आंधळी म्हणत बसले, कळलं का तुला?"

"सॉरी."

"तुझं सॉरी ठेव त्या ट्रेमध्ये. सरक."

तिने मला हात लावू दिला नाही. एकेक वायर सोडवली, एकेक स्क्रू काढला. काका टेबलावर कोपर टेकून उभे होते, आणि न राहवून त्यांनी मोजायला सुरुवात केली. "सहा. सात. बाई, हा आठवा." खोली मिळणार की जाणार, ते त्या मोजण्यावर ठरत होतं, तरी आवाज एकदाही पडला नाही त्यांचा.

बोर्ड उचलला. तिने पत्र्यावरून तर्जनी फिरवली, डोळे वर छताकडे, आणि मधोमध थांबली.

"ही बघ तुझी तिसरी."

काकांनी आपली छोटी पक्कड आणली. खुंटी कुरकुरत निघाली. प्रोसेसर तिने परत काढलाच नाही. "तो बरोबर बसलाय," म्हणाली, आणि त्या वाक्यावर जरा जास्तच रेंगाळली.

या वेळी बटण तिने स्वतः दाबलं. पंखे फिरले, फिरतच राहिले, आणि एक बारीकशी शिट्टी वाजली. मॉनिटरवर अक्षरं उमटली. मी टाळ्या वाजवल्या, मग आपण शिक्षेत आहोत हे आठवून थांबले.

"बरं," काका म्हणाले, "म्हणजे भिंत राहते."

"राहते. वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं. सुताराला मापं देऊन ठेवली होती." ते दाराकडे वळले, परत फिरले. "पण बाई, तुमच्याशिवाय बाजूची खोली फार शांत झाली होती. शांत जागेत घड्याळं फार मोठ्याने चालतात."

ते गेल्यावर मी मशीनकडे हात नेला. "आता गेम टाकूया?"

"आता बंद कर," आत्या म्हणाली.

"का?"

"बंद कर, वायर काढ आणि सगळं सोड. पहिल्या स्क्रूपासून. आता तू जोडायचंस."

"अगं पण चालू झालंय!"

"माझ्या हाताने चालू झालंय. घरी बिघडलं तर माझे हात घेऊन जाणारेस का?" तिने स्टूल आपल्याकडे ओढलं, गिऱ्हाईकासारखी पाय जुळवून त्यावर बसली आणि चष्मा पुसला. "चल. मी मोजते."

त्या संध्याकाळी मैत्रिणींची टोळी माझ्याशिवायच खेळली. मी बोर्ड वेडावाकडा ठेवला, पंख्याची वायर उलटी लावायला निघाले, एक स्क्रू खरोखर माझ्याच चपलेखाली सापडला. आणि दर वेळी मागून तिचा आवाज यायचा, खडखडीत, वर्षभरात ऐकला नव्हता तसा:

"नऊ. दहा. फोन खाली ठेव. अकरा."