एका डोळ्याचं पाणी

कुत्र्याच्या डोळ्यातून पाणी येतंय म्हणून कोणी आलं, की काका कुत्र्याकडे बघतच नसत. आधी माणसाला विचारत, "घरात मोतीबिंदूचं आपरेशन कोनाचं झालं?"

काका चांदूर बाजारला जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. निवृत्त होऊन अमरावतीत आमच्या गल्लीत राहायला आले आणि लोक आपापली कुत्री घेऊन त्यांच्या ओट्यावर जायला लागले. डॉक्टरकी त्यांनी कधी केली नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळा पुसायचे, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचे नाहीत, आणि मग दवाखान्यात पिटाळायचे.

माझाही नंबर लागला. आमच्या शेरूचा डावा डोळा गळत होता, पिवळट चिपडं धरत होती. ठरलेला प्रश्न आला. मी म्हटलं, बाबांचं झालं, दिवाळीच्या आधी.

"उरलेले थेंब टाकले ना याच्या डोळ्यात?"

"दोनदाच."

"एक डोळा गळते का दोन?"

"एकच."

"दोन गळले तर सर्दी-ताप पाहा. एकच गळते म्हंजे आत काही घुसलं, नाहीतर खरचटलं. अन् बुबुळावर जखम असन तर हे थेंब तिले भरूच देत नाहीत. औषध हाय ते बाप्पा, परसाद नाही सगळ्याइले वाटाले."

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, तेव्हा बुबुळावर ओरखड्याची हिरवी रेघ उमटली. डोळा थोडक्यात वाचला. तांदळाएवढा पांढरा ठिपका तेवढा राहिला. आमची बाटली काकांनी नालीत ओतली. बाबांना फार वाईट वाटलं, कारण ती अजून अर्धी भरलेली होती.

गल्लीतल्या बऱ्याच बाटल्या त्या नालीत गेल्या. एकदा मी उगाच म्हटलं, "काका, कुत्रं एखादवेळी रडतही असेल." ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "एका डोळ्यानं कोनी रडते काय?"

यंदा होळीच्या आधी काका गेले. पाचव्या दिवशी भेटायला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, पायाशी त्यांचा कुत्रा, बंड्या. "यायच्यासाठी सारखा रडून राहिला हो," काकू म्हणाल्या. आलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तुम्हीही असतात तर लावला असतात. मी बंड्याकडे नीट पाहिलं. तो फक्त उजव्या डोळ्याने रडत होता.

काकू उठल्या आणि कपाटातून एक लहान बाटली घेऊन आल्या. "यायच्या आपरेशनचे थेंब हायेत थोडे. टाकू काय त्याच्या डोळ्यात?"

साऱ्या गल्लीच्या बाटल्या ओतणाऱ्या माणसाने स्वतःची जपून ठेवली होती. मला हसू आलं. बाटली मागून घेतली, खिशात घातली.

दवाखान्यात बंड्याच्या पापणीखालून गवताचं कुसळ निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. काकूंच्या घरात पाहुणे होते, म्हणून औषध घालायला चार दिवस त्याला माझ्याकडेच ठेवलं.

पाचव्या दिवशी परत नेऊन सोडलं. काकूंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळा पाहिला. "पानी थांबलं?"

"थांबलं, काकू. कुसळ गेलं होतं."

काकू बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

"मले वाटलं," त्या म्हणाल्या, "तेरवीपर्यंत तरी रडन."