आठ दिवसांची लेक

बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी राजूरच्या वसतिगृहातून घरी आले, तेव्हा आमच्या दारात जीप उभी होती. नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. मुंबईच्या कुठल्याशा चॅनलला शहरातली एक मुलगी आठ दिवस डोंगरातल्या घरात ठेवायची होती आणि तिचं तिथलं राहणं टीव्हीवर दाखवायचं होतं. सरपंचांनी आमचं घर सुचवलं. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच.

आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढलं. मग स्टीलची भांडी, माझी पुस्तकं, ट्रंक, सगळं शेजारी चुलतीकडे नेऊन ठेवलं. शेवटी त्यांचे साहेब माझ्याकडे वळले. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

"ताई, आठ दिवस तुम्हीही शेजारीच राहाल का? आमची मुलगी आणि तुम्ही सारख्याच दिसताय."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हणाले.

ती मुलगी वाईट नव्हती. आईचं लुगडं नेसून ओढ्यावरून पाणी आणायची, नागलीची भाकरी थापताना हात भाजून घ्यायची. आई तिच्या बोटांना तेल लावायची. चुलतीच्या ओट्यावरून मला सगळं दिसायचं. आईला इतकं हसताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. निघताना ती पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली. तेव्हा कॅमेरे जीपमध्ये भरून झाले होते, म्हणजे ते रडणं खरंच होतं.

संक्रांतीनंतर कार्यक्रम लागला. आई मुद्दाम राजूरला आली. ओळखीच्या एका दुकानदाराकडे केबल होती, तिथं आम्ही बसलो. पडद्यावर आई चुलीपुढं बसून म्हणत होती, "मला लेक न्हाई. आता हीच माझी लेक."

खोलीतली माणसं माझ्याकडं बघायला लागली.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्यांनी म्हनायला लावलं गं. तीनदा म्हनून घेतलं."

"पण तू म्हणालीस ना?"

एसटी स्टँडवर आई गाडीत बसली आणि मी वसतिगृहाकडे वळले.

उन्हाळ्यात त्या मुलीचं पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं. मी दोनदा वाचून दाखवलं. मग तिनं उत्तर सांगितलं, "लिही, करवंदं पिकल्यात, ये म्हनावं. तुझ्याबिगर करमत न्हाई." मी शब्दन् शब्द लिहिला, पत्ता घातला. निकाल आणायला राजूरला गेले तेव्हा पाकीट सोबत होतं. पोस्टाच्या पेटीपुढून दोनदा गेले आणि ते तसंच घरी परत आणलं. आई शेतावर असताना चुलीत घातलं.

पावसाळाभर आई पोस्टमनला विचारत राहिली. मग एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "शहरातली मानसं, लई लवकर इसरत्यात."

"व्हय," मी म्हणाले आणि कळशी उचलून पाण्याला गेले. आई होती तोवर तिला हे सांगणं मला जमलं नाही.