हळद लागलेल्या नळ्या

अमरावतीच्या विद्यापीठातलं लेझरचं मशीन करिश्माताई चालवायच्या. रंग घातलेलं रक्त त्यात सोडलं की एकेक पेशी लेझरसमोरून जायची आणि मेलेली पेशी वेगळी चमकायची. राजापेठेतल्या बाया विचारायच्या, "तुमी तिथं करता तरी काय?" तर त्या सांगायच्या, "रक्ताले उजेड दाखवते."

वडील सुतार. खंडेनवमीला घरी रंधा, करवत धुऊन हळदकुंकू लागायचं. करिश्माताईही मशीनला दुरून फूल वाहायच्या. त्या वर्षी मात्र मशीन एकदाही बिघडलं नव्हतं. भरल्या मनानं त्यांनी झाकणाला हळद लावली, नळ्यांच्या स्टँडलाही लावली.

दसरा झाला आणि अकोल्याहून संशोधन करणारी यास्मीन आली. कपाशीवरच्या विषारी फवारणीनं माणसं दवाखान्यात पडत होती ते साल. पातूरकडच्या फवारणी करणाऱ्या मजुरांना कशीबशी राजी करून तिनं त्यांचं रक्त आणलं होतं. विषानं किती पेशी मरतात, ते तिला पाहायचं होतं.

करिश्माताईंनी नळ्या स्टँडमध्ये मांडून उघडल्या. पडद्यावर सगळंच चमकलं. विभागाचे सर यास्मीनवरच डाफरले. ती रडवेली झाली. "ताई, मीच रंग जास्त टाकला असंन."

करिश्माताईंनी बिनरंगाची नळी लावून पाहिली. तीही चमकली. त्यांनी हात पाहिले तर हातमोज्यांची टोकं पिवळी. हळद लेझरखाली चमकते, हे दरवर्षी नव्या पोरांना त्याच शिकवत.

"तिचं काही चुकलं नाही, सर," त्या खालमानेनं म्हणाल्या. "माझी पूजा अंगाशी आली."

पुन्हा रक्त मागायला त्या स्वतः यास्मीनसोबत पातूरला गेल्या. मजूर पारावर बसले होते. स्टँडची हळद नळ्यांत उतरली आणि सगळं रक्त वाया गेलं, हे त्यांनी सांगितलं.

"म्हणजे आमच्या रक्तात हळद निघाली?" चंद्रभान नावाचा मजूर म्हणाला. "लगन लावता का काय आमचं?"

सगळे हसले. करिश्माताईंना वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

"काहून लावली व बाई हळद?" चंद्रभाननं विचारलं.

"मशीन चांगलं चालावं म्हणून."

 तो म्हणाला, "मीबी नवमीले फवारणीच्या पंपाले लावली होती." आणि त्यानं बाही वर केली.

यास्मीननं सुई काढली. करिश्माताई नळी धरून उभ्या होत्या. त्याच्याकडं पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.