आईच्या वाडीवर उभं राहिलेलं घर

नवऱ्याचं घर सोडून मी श्रीवर्धनला परत आले, तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून मला नोकरी मिळाली. पगार वेळेवर यायचा, पण राहायला जागा मिळेना. आई राहायची ते घर वडिलांच्या भावकीचं; परत आलेल्या मुलीला तिथे थारा नव्हता. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नसे. दिलीच, तर दोन-चार महिन्यांत घरमालकीण यायची आणि नजर चुकवत म्हणायची, "बाई, लोकं बोलतात."

तिसरी खोली सोडावी लागली, तेव्हा आई म्हणाली, "आता भाड्याची खोली नको. तुजं घर बांध."

"पैसे कुठले?"

"गावात पतपेढी हाय ना? पगार तुजा हाय. तारण माजं."

आईचं तारण म्हणजे तिची सुपारीची वाडी. लग्नात तिच्या बापानं ती तिच्या नावानं लिहून दिली होती. वडील गेल्यावर शिंपणं, सोलणं, विकणं सगळं तीच बघायची. वाडी तारण ठेवायचं काकांच्या कानावर गेलं, तसे ते घरी आले. ओटीवर बसून म्हणाले, "वहिनी, घरातली वाडी गहाण टाकताय, ती पण नांदायला न गेलेल्या पोरीपायी?"

आई सुपारी सोलत होती. तिनं हात थांबवला नाही. "घरातली न्हाय भावोजी, माजी हाय. आणि ती नांदायला गेली व्हती. मार खाऊन परत आली."

काका चहा न घेता उठून गेले.

पतपेढीच्या बैठकीला आम्ही दोघी गेलो. पंचांनी आम्हाला दाराजवळच्या बाकावर बसवलं. अध्यक्ष गावातले मोठे व्यापारी होते. वाडी त्यांनी स्वतः पाहिली होती, तिच्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. ते आईला म्हणाले, "कर्ज देऊ. पण घर तुमच्या मुलाच्या नावावर करा. तो मुंबईला गिरणीत आहे, कर्ता पुरुष आहे. मुलीचं काय, आज इथे, उद्या नवरा बोलवायला आला तर तिकडे."

मला वाटलं, होऊ दे भावाच्या नावावर. तो काही मला हाकलणार नाही. डोक्यावर छप्पर आलं म्हणजे झालं. मी हळूच आईचा पदर ओढला. तिनं माझा हात बाजूला केला.

"हप्ते कोन भरनार?" तिनं विचारलं.

"मुलगी."

"वाडी कोनाची?"

"तुमची."

"मंग त्यात माजा ल्येक कुठं आला? तो त्याच्या संसारात सुखी हाय. घर हिच्या नावावर व्हईल, न्हायतर वाडी न्हाय."

एवढं बोलून ती उठली आणि चालू लागली. मीही मागोमाग गेले. आई वळून बघत नव्हती. आम्ही रस्त्याला लागलो तोच शिपाई धावत आला. अध्यक्षांनी परत बोलावलं होतं. तशी वाडी तारण म्हणून त्यांच्याकडे दुसरी आलेली नव्हती, हे आईला ठाऊक होतं. मला नव्हतं.

चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर झालं, माझ्या नावावर. वास्तुशांतीला भटजींनी निरोप धाडला, यजमान कोण ते आधी ठरवा, मग येतो. आईनं उलट निरोप पाठवला, येऊ नका. मग तिनं स्वतःच उंबऱ्यावर नारळ फोडला, चूल पेटवली आणि भात टाकला. माझ्या वर्गातल्या मुली जेवायला आल्या. काही जणींच्या आया कुंपणापर्यंत येऊन परत फिरल्या. दोघी-तिघी मात्र आत आल्या आणि सावकाश, पोटभर जेवून गेल्या.

पुढची काही वर्षं मी सणाला लुगडं घेतलं नाही. पण एकही हप्ता चुकला नाही आणि आईची वाडी मोकळी झाली. काकांनी आमच्याकडे येणं बंद केलं ते कायमचंच. आईनं त्यांना कधी बोलावलं नाही. दारावरची पाटी मी माझ्या नावाची लावली, आणि नवऱ्याचं नाव त्यात घातलं नाही.