सरकारला दिलेली होडी

सरकारकडे तेव्हा माशांचं खातं होतं, पण होडी नव्हती. ती मागायला खात्याचे साहेब प्रवरेकाठी आमच्या भोईवाड्यात आले. दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली.

साहेबांनी सासऱ्यांना व्यवहार समजावला. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून बंधाऱ्यामागच्या पाण्यात तेव्हा सगळ्यांना बंदी. मुभा फक्त आमच्या होडीला. बदल्यात आम्ही साहेबांना पाण्यावर फिरवायचं, कुठला मासा कुठे राहतो ते दाखवायचं आणि विक्रीतला निम्मा पैसा खात्याला द्यायचा. त्या पैशातून बंगालच्या माशांची पिल्लं आणून याच पाण्यात सोडायची. मोठी झाली की ती तुमचीच, असं साहेब म्हणाले. कागद त्यांनी केला नाही, सासऱ्यांनी मागितला नाही.

दोन पावसाळे आम्ही राबलो. नवरा आणि सासरे वल्हवायचे, साहेब छत्री धरून मधे बसायचे, आणि लिहिणं माझ्याकडे. मरळ कुठल्या कपारीत पिल्लं सांभाळते, वांब कुठल्या डोहात सापडते, कुठल्या माशाच्या पोटात अंड्यांची गाभोळी होती, सगळं मी वहीत उतरवलं. सासऱ्यांना हे त्यांच्या बापाने दाखवलं होतं. आम्ही ते वहीसकट साहेबांना असंच देऊन टाकलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात दवंडी पिटली. पाण्याचा मक्ता नगरच्या एका व्यापाऱ्याला गेला होता. दुसऱ्या कुणी जाळं टाकलं तर जप्त. मक्त्याच्या कागदाला माझ्याच वहीतली डोहांची यादी जोडली होती, आमच्या तोंडातल्या नावांसकट. तलाठी ती वाचत होता आणि माझे कान तापले होते.

पाऊस लागल्यावर साहेब परत आले. या वेळी पिल्लांनी भरलेली मडकी घेऊन, ट्रकमधून. होडी हवी होती. वाड्यातल्या सगळ्यांनी आपापल्या होड्या काठावर पालथ्या घातल्या होत्या.

मी पुढे होऊन म्हणाले, "साहेब, होडी व्यापाऱ्याकडे मागा. आन् माझी वही द्या."

वही सरकारी दप्तरात जमा आहे, म्हणाले. मक्त्याचा हुकूम वरून आला, त्यांच्या हातात काही नव्हतं. व्यापाऱ्याने होडी अजून घेतली नव्हती.

तोवर सासरे मडक्यांपाशी गेले होते. पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती, काही उलटली होती. त्यांनी नवऱ्याला होडी सरळ करायला सांगितलं.

मी आडवी आले. "मामा, ही पिल्लं व्यापाऱ्याची हायेत."

"असतील," ते म्हणाले. "पन मडक्यात घुसमटून मरताना मला बघवत न्हाई."

त्यांनी एकेक मडकं पाण्यात हळू कलतं करून पिल्लं सोडली. साहेब काठावरून समाधानाने मान हलवत होते. मी महिनाभर सासऱ्यांशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि बाजूला व्हायचे. त्यांनीही कधी विचारलं नाही.

दोन वर्षांत मासे हातभर झाले. माझा नवरा रोजाने व्यापाऱ्याची जाळी ओढू लागला. मी त्याच व्यापाऱ्याकडून मासे विकत घेऊन राहुरीच्या बाजारात बसायचे. सासऱ्यांचं मन मोठं, असं वाड्यात सगळे म्हणत. असेल. मला त्या मनाचा राग तेव्हाही होता, आजही आहे. आणि गिऱ्हाईक टोपलीतला मासा उचलून म्हणायचं, सरकारनं हे एक काम बरं केलं. मी विळीवर मासा कापत राहायचे.