मामांची पाटी

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या घराला मी लोखंडी पाटी लावली. तीही मामांना न विचारता. यातली पहिली चूक आठ महिन्यांनी भिंतीवर दिसली. दुसरी त्याच दिवशी आमच्या हिच्या चेहऱ्यावर दिसत होती, पण मी पाटीकडे बघत होतो.

मामा म्हणजे हिचे थोरले मामा, मिरजेचे. दारावर काय लावावं हे कळणारा उभ्या जिल्ह्यात एकच माणूस आहे आणि तो आपण, असं त्यांचं पंचाहत्तरीतलं ठाम मत आहे. पितळेच्या पत्र्यावर अक्षर रेखायचं, बारीक करवतीनं कापायचं, कानशीनं कडा गुळगुळीत करायच्या, एवढंच त्यांचं काम. पण गिऱ्हाइकाला पसंती करू देणं त्यांना जमलेलं नाही. एका डॉक्टरांनी साऱ्या पदव्या पाटीवर बसवायला सांगितल्या, तेव्हा मामांनी शांतपणे विचारलं, "पेशंट उभ्यानं वाचनार का स्ट्रेचरवरनं?" डॉक्टर हसले. मामा मात्र त्यांच्या दवाखान्याच्या दारात जाऊन उताणे झोपले, तिथून काय काय दिसतं ते पाहिलं, उठले, धोतर झटकलं आणि नुसतं आडनाव कापून दिलं, वीतभर उंचीचं. लोणंदच्या एका कापडवाल्याला चकचकीत पाटी हवी होती. त्याला त्यांनी भर दुपारी रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि हातातला पत्रा उन्हात धरून म्हणाले, "वाचा की." तो डोळे चोळत परत आला आणि मामा सांगतील ती पाटी घेऊन गेला.

अशा माणसाचा एकच हट्ट. भाचीनं स्वतःचं घर बांधलं की दारावरची पाटी मामांची. लुगडं-चोळीचं मामी बघायच्या, पाटीचं मामा. चार भाच्यांच्या दारांवर ती लागली होती. आमची ही पाचवी, आणि तिच्या नशिबी सरकारी क्वार्टर्स. उतारवयात मला समुद्र सुचला. औंधाकडच्या कोरड्या गावात वाढलेल्या माणसाला हे असं काहीतरी सुचतंच. रत्नागिरीत घर झालं. मामा म्हणाले, "घर बघितल्याबिगर पाटी न्हाई." वास्तुशांतीला आठ दिवस राहिले होते आणि मला दम नव्हता. सांगलीत मशीनवर पाटी कापून घेतली. माझं नाव, खाली 'निवृत्त उपअभियंता', आणि कोपऱ्यात एक शिडाचं जहाज. आमच्या सात पिढ्यांत कुणी होडीतही बसलेलं नव्हतं.

वास्तुशांतीला मामा फाटकातून आत आले तेव्हा त्यांच्या हातात मोजपट्टी होती. त्यांनी पाटी पाहिली आणि मोजपट्टी खिशात घातली. जेवले, हिला "चांगली हाय" म्हणाले आणि मुक्कामाची पिशवी न उघडताच दुपारच्या गाडीनं परत गेले. त्यानंतर ही फोन लावायची, मामी उचलायच्या आणि मामा कायम कामात असायचे. लहानपणी ज्या माणसाच्या सायकलवर बसून ती शाळेत गेली, तो आता तिच्याशी बोलत नव्हता. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आधी जहाज गंजलं. मग माझं पद गेलं, मग नाव, आणि पांढऱ्या भिंतीवर तांबूस ओघळ थेट पायरीपर्यंत आले. हिनं फोटो काढून मामांना पाठवला. तिसऱ्या दिवशी मामा फाटकात. माझ्याशी बोलले नाहीत. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं, चाखलं आणि तिला म्हणाले, "पोरी, मीठ हाय." पिशवीतून पितळ, तांबं, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमचे चार तुकडे काढून फाटकावर तारेनं टांगले. "वरीसभर बघायचं. दर ऐतवारी मला सांगायचं."

शेजाऱ्यांना वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी बांधलंय. एकीनं शेजारी लिंबू-मिरचीही टांगली. आणि दर रविवारी सकाळी फोन सुरू झाला.

"तांबं कसं हाय?"

"हिरवं पडलंय, मामा."

"पितळ?"

"काळवंडतंय."

"आनि तू?"

मग तासभर धातूचं नावही निघायचं नाही.

वर्षानं मामा पाटी घेऊन आले. जुन्या धोतरात गुंडाळलेली, पितळेची. हिच्या लग्नाच्या वर्षी बाजूला काढून ठेवलेला तो पत्रा होता, हे मामींकडून नंतर कळलं. त्यावर एकच शब्द कापलेला, हिचं नाव: सुमन. माझ्यातला उपअभियंता गप्प बसेना. म्हटलं, "मामा, स्टीलवर डागसुद्धा नाही. आणि या धंद्यात पन्नास वर्षं काढल्यावर हे कळायला तुम्हाला वर्ष लागलं?"

मामा स्क्रू पिळत राहिले. "स्टीलची इचारपूस कोन करनार? पितळंला दर आठवड्याला बघावं लागतंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की तारेवरच्या तुकड्यांचं उत्तर मामांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आता त्यांचा हात थरथरतो. करवत खुंटीला आहे. हिची पाटी शेवटची ठरली, हे ते सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. फोन मात्र चुकत नाही. रविवारी सकाळी मी चिंचेचा कोळ घेऊन पाटी घासतो, ही पायरीवर बसून स्पीकरवर मामांशी बोलते, आणि वारा सुटला तर त्यांचा आवाज मधूनच नाहीसा होतो. तेव्हा ती फोन कानाशी नेते आणि नुसतीच थांबते.

मागच्या रविवारी अक्षरं चांगली लखलखली होती. मी जरा लाडात येऊन फोनकडे वाकलो आणि म्हणालो, "मामा, खाली दोन बोटं जागा आहे. बारीक अक्षरात माझंही नाव बसलं असतं की."

पलीकडे मामा खोकले.

"तुमचं नाव लावून बघितलं की येकदा, जावईबापू. भिंत खराब झाली."